दोन तासांचे दीडशे रुपये

ते दीडशे रुपये मी ठरवले होते. पुण्याच्या कंपनीने नाही, आणि कंपनीतर्फे सोलापुरात आलेल्या मुलीने तर मुळीच नाही. इतकी वर्षं कुणी विषय काढला की मी "तिकडूनच तसं आलं होतं" असं सांगत आलो. ते खोटं आहे. आता अठ्याहत्तरावं चालू आहे, आठवण शाबूत आहे तोवर हे नीट लिहून ठेवतो.

माझं सगळं आयुष्य दर बांधण्यात गेलं. आधी शहरातल्या एका गिरणीत आणि ती बंद पडल्यावर चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. काम दोन्हीकडे एकच. घड्याळ घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं, एका नगाला किती सेकंद लागतात ते टिपायचं आणि त्यावरून नगाचा दर काढायचा. मला पाहिलं की टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायका हात सावकाश चालवायच्या. मी ते ओळखायचो आणि टिपलेल्या वेळातून तेवढं कापायचो. त्या माझ्या पाठीमागे काय बोलायच्या हे मला ठाऊक होतं. त्याचा राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता. घरी बायको म्हणायची, "भाकरी थापायला मला किती वेळ लागला, तेही लिहून ठेवा कुठेतरी." मी हसायचो, कारण तो वेळ मला खरंच माहीत असायचा.

निवृत्तीनंतर रिकामा होतो. तेव्हा पुण्यातली एक कंपनी घरी विड्या वळणाऱ्या बायकांसाठी बचतीचं ॲप तयार करत होती आणि त्यांना इथला माणूस हवा होता. कारखान्यातल्या ओळखीने माझं नाव पुढे गेलं. या कामाची रीत अशी असते: ॲप बाजारात आणण्याआधी ज्यांच्यासाठी ते केलं त्यांच्याच हातात द्यायचं, शेजारी बसायचं आणि त्या कुठे अडतात, काय वाचत नाहीत, कशाला घाबरतात ते पाहायचं. शिकवायचं नाही, चुकलं म्हणायचं नाही. चूक ॲपची धरायची. आणि त्या बायका आपला वेळ देतात म्हणून त्यांना मानधन द्यायचं. बारा बायका निवडायच्या होत्या, प्रत्येकीने तीनदा यायचं, दर वेळी दोन तास.

पुण्याहून आलेली मुलगी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. खर्चाचा तक्ता ती तयार करूनच आली होती. मानधन आठशे रुपये. त्याशिवाय रिक्षाचे वेगळे, घरी लहान मूल असेल तर त्याला सांभाळणाऱ्या बाईचे वेगळे, आणि ऐन वेळी कुणी आलं नाही तर बोलावण्यासाठी दोन जास्तीच्या बायका. आमच्या बैठकीच्या खोलीत बसून तिने तो तक्ता मला दाखवला आणि सोलापूरच्या मानाने हे बरोबर आहे का, असं विचारलं. तिने विचारलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ती मनापासून विचारत होती आणि मला निवृत्त होऊन चार वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं.

मी तिला आठशे म्हणजे विडीवालीची चार-पाच दिवसांची मजुरी होते, हे सांगितलं. इतके पैसे म्हटल्यावर सगळी गल्ली दारात येईल, विडीला हात न लावलेल्यासुद्धा आम्ही विड्या वळतो म्हणतील, जावाजावांत भांडणं लागतील, आणि पैशाला बांधलेली बाई ॲप चांगलं आहे असंच म्हणेल. यातलं सगळंच चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण ते मी ज्या सुरात सांगितलं, त्यात तिला उलट बोलायला फारशी जागा नव्हती.

"काका, पुण्यात आम्ही दीड हजार देतो," ती म्हणाली. "समोरच्याचा पगार किती, ते बघत नाही. त्याचा वेळ आम्हाला किती कामाचा आहे, ते बघतो."

"पुण्याचं पुण्यात," मी म्हणालो. "इथं हिशेब असतो."

आणि मी तिच्यासमोर हिशेब मांडला. हजार विड्यांची मजुरी घेतली, तिला दिवसाच्या दहा तासांनी भागलं, दोनाने गुणलं. पन्नासच्या आत आकडा आला. मी तो तिप्पट केला आणि वर थोडे टाकून दीडशे लिहिले. तिप्पट दिले, हे मी तिला दोनदा सांगितलं. रिक्षाची ओळ खोडली, कारण जागा चालत येण्यासारखी होती. मूल सांभाळणाऱ्या बाईची ओळही खोडली, कारण घरी सासू असतेच. मग तिने पुण्याला फोन लावला आणि बोलणं झाल्यावर तिथले लोक खूश आहेत, काकांच्या अनुभवामुळे बजेट निम्म्यावर आलं असं म्हणतात, हे मला सांगितलं. माझी छाती फुगली होती, हे लपवत नाही. वाचलेल्या पैशातला एक रुपया मी घेतला नाही. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत राहिलो, आणि त्या आडोशाला बाकी सगळं लपलं.

शहराच्या पूर्व भागात, विडीवाल्यांच्या वस्तीजवळ, एका समाजमंदिराची खोली मिळाली. मे महिना होता. पंखा गरम वारा फेकायचा. वेळ मी अकरा ते एक ठेवली, कारण बायका सकाळी कारखान्यात विड्या देऊन दहा-साडेदहापर्यंत परततात हे मला माहीत होतं. मला वाटलं, अकरा म्हणजे त्यांची मोकळी वेळ.

त्या बारा जणींत एक पन्नाशीची बाई होती. घरी तेलुगू बोलणारी, मराठी सोलापुरी. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या टोकांवरची कातडी गुळगुळीत झालेली. फोन ती बोटांनी न घेता तळहातावर धरायची. पहिल्याच दिवशी ॲप तिच्या बोटाला दाद देईना. पुण्याच्या मुलीने हलकेच स्पर्श करायचा असतो, असं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "हलकं कसं ताई? तीस वर्षं दाबायलाच शिकलेलं बोट हाय हे." खोलीत सगळे हसले. मुलीने ते वाक्य तसंच लिहून घेतलं, आणि पुढे ॲपमधली बटणं त्या एका वाक्यामुळे मोठी झाली. दीडशे रुपयांत कंपनीला काय मिळालं, याचा हा एक दाखला.

पण ती बाई सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायची. मला वाटलं, कंटाळली. दुसऱ्या खेपेला ती दहा मिनिटं उशिरा आली, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर वेळेचं ऐकवलं. ती जागेवर जाऊन बसली.

तिसऱ्या खेपेला ती सूप आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली विडीची पानं घेऊन आली. बोलता बोलता वळत बसू का, असं तिने मला विचारलं. मी नको म्हणालो. तंबाखूची धूळ फोनवर बसेल, शिवाय पुण्याला दाखवायला लावलेल्या कॅमेऱ्यात ते दिसेल आणि ॲपकडे लक्ष राहणार नाही. तिने गाठोडं बाहेर ओसरीवर ठेवलं आणि आत आली. त्या दिवशी दोन तासांऐवजी सव्वादोन तास झाले.

मानधनाचं पाकीट घेऊन, सही करून ती बाहेर गेली आणि ओसरीवर बसली. मी दाराला कुलूप लावायला निघालो होतो. पुण्याची मुलगी गाडीत सामान ठेवत होती. बाईने फडकं सोडलं, एक कापलेलं पान काढलं आणि माझ्यासमोर वळायला घेतलं. पान वळणावर तडकलं. दुसरं घेतलं, तेही तडकलं.

मी म्हणालो, परत भिजवा की.

"कापलेलं पान परत भिजवलं की काळं पडतं, मामा. कारखान्यातला मास्तर बाजूला काढतो." तिचा आवाज चढलेला नव्हता. मला ती समजावून सांगत होती, शिकाऊ माणसाला सांगावं तसं. "रात्री भिजवायचं, पहाटे कापायचं, कारखान्यातनं आलं की ओलं हाय तोवर वळायचं. अकरा ते एक म्हणजे आमचं ऐन काम. तुम्ही तेवढंच मागितलं. कारखान्यानं हजाराचं पान दिलंय, हजार विडी परत द्यायची. कमी पडली की पान बाहेरनं विकत आणून भरायची. तीन दिवस तेच चाललंय."

मी विचारलं, पानाला किती गेले. तिने सांगितलं, ऐंशी-नव्वद, दिवस बघून. वर रिक्षाचे वीस जायचे आणि वीस यायचे, कारण चालत आलं-गेलं तर पान आणखी अर्धा तास सुकतं.

"तुम्ही दोन तास मोजले की मामा. माझा दिवस गेला."

मी चाळीस वर्षं माणसांचा वेळ मोजला होता. पण कारखान्यातल्या कामाला यंत्र असतं. बंद केलं की थांबतं, सुरू केलं की पुढे चालतं, म्हणून त्याचे तुकडे करता येतात. ओल्या पानाचा दिवस मधूनच कापता येत नाही, हे मला सुचलंच नव्हतं. आणि ते सुचण्यासाठी मी त्या बारा जणींपैकी एकीलाही काही विचारलं नव्हतं. एका प्रश्नाचं काम होतं. तुमचा दिवस कसा जातो, एवढंच.

शेवटच्या फॉर्मवर एक रकाना होता: मानधनाबाबत सहभागी व्यक्तीचं मत. तो मी भरायचा होता. तो तिला माहीत असावा, कारण उठताना ती म्हणाली, "हे लिहा त्यात. पुढल्या बायकांना तरी बरं."

मी म्हणालो, लिहितो.

दुसऱ्या दिवशी घरी बसून बाराही फॉर्म पुरे केले. तिच्या रकान्यात मी लिहिलं: समाधानी. तक्रार नाही. मग बाकीच्या अकरांतही तेच लिहिलं, त्यांतल्या एकीलाही न विचारता. धाक कुणाचा नव्हता. पुण्याच्या मुलीला सांगितलं असतं तर तिने त्याच आठवड्यात फरक भरून दिला असता, याची मला तेव्हाही खात्री होती. पण मग माझा हिशेब चुकला असं झालं असतं, तेही आयुष्यभर जे केलं त्याच कामात, आणि ज्या मुलीला मी इथं हिशेब असतो म्हणून ऐकवलं होतं तिच्यासमोर. एवढ्याचसाठी मी एका बाईचं बोलणं पुसलं.

ॲप निघालं, काही दिवस चाललं आणि पुढे कंपनीने दुसरं काही हाती घेतलं. माझा आकडा मात्र टिकला. कंपनीने माढ्याला शिलाईकाम करणाऱ्या बायकांना बोलावलं तेव्हा तोच दर. नातेपुत्याला भाजी विकणाऱ्यांना बोलावलं तेव्हाही तोच. दोन्हीकडे मी गेलो नव्हतो. पुण्याच्या मुलीनेच ते फोनवर सांगितलं, लहान गावांसाठी आता आम्ही सोलापूरचाच दर धरतो, काका. मी बरं म्हणालो.

नंतर पाच-सहा वर्षं काही संबंध नव्हता. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. ती आता मोठ्या जागेवर आहे, आवाजही जरा जड झाला आहे. मानधनाचे नियम नव्याने लिहायचं काम तिच्याकडे होतं. तिला दर वाढवायचे होते, पण वरचे लोक विचारत होते, वाढवायचे कशासाठी? इतक्या वर्षांत एकाही गावातून तक्रार नाही. सुरुवातीच्या सोलापूरच्या कामातले तर बाराच्या बारा फॉर्म समाधानी आहेत.

"काका, तुम्ही तिथे होतात," ती म्हणाली. "तेव्हा कुणी काहीच बोललं नव्हतं का?"

मी फोन घेऊन खिडकीशी उभा होतो. बायको आत लसूण सोलत होती. मी म्हणालो, उद्या सांगतो. फोन ठेवल्यावर बायकोने कुणाचा होता विचारलं, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं, फॉर्मसकट. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. तिने लसणाची ताटली बाजूला ठेवली. मग म्हणाली, "उद्या कशाला? आता लावा फोन."

मी लावला. पुण्याच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, हे लेखी द्याल का? तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पण लिहायला बसलो आणि अडलो. माझी चूक मी लिहू शकत होतो. त्या बाईचं म्हणणं मात्र तिचं होतं, आणि ते तिला न विचारता लिहिण्याची चूक मी एकदा केली होती. म्हणून तिला शोधायला निघालो. गल्ली आठवत होती, घर बदललं होतं. विचारत विचारत पोचलो. ती दारातच बसली होती. आता विड्या वळत नाही. डोळ्याला कमी दिसतं, सून वळते, ही फक्त वळलेल्या विड्यांचे कट्टे बांधते. तिने मला आवाजावरून ओळखलं.

"घड्याळवाले मामा ना?" ती म्हणाली. "या, बसा. आज किती तास?"

मी बसलो. कशासाठी आलो ते सांगितलं. तिने सांगितलेलं मी लिहिलं नव्हतं, उलट समाधानी असं लिहिलं, आणि त्यामुळे पुढच्या बायकांनाही तेवढंच मिळत गेलं, हेही सांगितलं. सुनेचे हात थांबले. बाईने तिला तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि ते पुन्हा चालू झाले. मग तिने माझ्याकडे तोंड केलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "लिहिलं असतं तर कुणीतरी आलं असतं की विचारायला."

मी पाकीट नेलं होतं. माझ्या पेन्शनमधले पैसे होते, तीन दिवसांची पूर्ण मजुरी आणि पानाचे. तिने ते हातात घेतलं नाही. हे तुमचे झाले, काम तुम्ही घेतलं नव्हतं, कंपनीने घेतलं होतं, असं ती म्हणाली. मी आग्रह धरला तेव्हा तिने पाकीट माझ्याकडे परत सरकवलं आणि लिहून घ्यायला सांगितलं.

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. तीन दिवस बाहेरून पान विकत घ्यावं लागलं, या ओळीवर तिने मला थांबवलं. तीन नाही, दोन. तिसऱ्या दिवशी शेजारणीने आपल्यातलं पान दिलं होतं, तिला पैसे नव्हते द्यावे लागले. त्या दिवशी आपण तीन म्हणालो असू तर तेव्हा राग होता म्हणून, पण कागदावर खरं हवं. मी दोन केलं. पुढे मी लिहिलं होतं की या वागणुकीमुळे त्या दुखावल्या होत्या. तेही तिने काढायला लावलं.

"दुखलं-बिखलं नका लिहू. तोटा झाला, एवढं लिहा. दुखलं म्हटलं की माफी मागून मोकळे होतात."

तोटा झाला, असं लिहिलं. सुनेने कागदावर बोट ठेवून सहीची जागा दाखवली आणि तिने तेलुगूत सही केली, हळूहळू, एकेक अक्षर.

ते पान आणि माझं तीन पानी निवेदन पुण्याला गेलं. दीड महिन्याने उत्तर आलं. नव्या नियमात वेळेची मजुरी धरायची नाही, त्या माणसाचा बुडणारा दिवस धरायचा. दर ठरवण्याआधी ज्यांना बोलवायचं त्यांच्यापैकी दोघा-तिघांना दिवस कसा जातो ते विचारायचं आणि त्यांचं उत्तर तक्त्यासोबत जोडायचं. प्रवासाचे आणि मूल सांभाळण्याचे पैसे वेगळे. मागचा फरक देण्याची तरतूद मात्र नाही. पुण्याची मुलगी त्यासाठी भांडली आणि हरली, असं तिने मला सांगितलं.

मी ते बाईला सांगायला गेलो. तिने नियम दोनदा सांगायला लावला. दिवस धरणार हे ऐकून मान हलवली. मागचं मिळणार नाही, यावर नुसतं बरं म्हणाली. मी उठणार तेवढ्यात तिने विचारलं, बाकीच्या अकरा जणींचं काय? त्यांच्या नावावर पण समाधानी लिहिलंय ना तुम्ही. त्या होत्या की नाही, तुम्हाला काय माहीत?

मला माहीत नव्हतं. खरोखरच माहीत नव्हतं, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून दर मंगळवारी मी पूर्व भागात जातो. सकाळी किंवा दुपारच्या वेळी जात नाही. विड्या देऊन झाल्या, पानं वळून झाली की संध्याकाळी जातो, आणि आधी फोन करून चालेल का विचारतो. सात घरं झाली. एकीने मला दारातूनच परत पाठवलं, आणि तो तिचा हक्क आहे. एक तेव्हा मिळालेल्या पैशांत खरंच खूश होती. तिने सुनेच्या बाळंतपणात ते वापरले होते, आणि तसं लिहा म्हणाली, मी तसं लिहिलं. दोघी सापडत नाहीत. पाच जणींनी वेगवेगळं सांगितलं, कुणाचं पान, कुणाची रिक्षा, एक तर तापाने फणफणलेलं मूल शेजारी ठेवून आली होती, ते. प्रत्येकीचं एकेक पान झालं आहे, वाचून दाखवून, सही घेऊन. दोन घरं अजून राहिली आहेत. मंगळवारी त्यांतल्या एकीने साडेसहाला बोलावलं आहे.